एका महाप्राणाचा घोटाळा

भास्करअण्णांनी तर्जनी उंचावली आणि अवनीला पुन्हा एकदा कोसळत्या विमानात बसवले.

"इंजिन बंद पडलंय. खाली आरे-वारेचा समुद्र. विमानात तुला धरून दोन जीव. आता टॉवरला काय सांगशील?"

अवनीने ओठ हलवले. पडवीतल्या झोपाळ्याच्या कड्या त्या क्षणी तिच्यापेक्षा मोठ्याने बोलत होत्या.

"टॉवरला काही ऐकू आलेलं नाही," अण्णांनी टॉवरच्या वतीने गंभीरपणे कळवले. "विमान समुद्रात गेलं. दोघंही गेले. पुन्हा."

भास्करअण्णा म्हणजे रत्नागिरीत नाचणे गावाच्या बाजूला राहणारे निवृत्त संस्कृत शिक्षक, आणि अवनी ही त्यांची नात. तिचे आईवडील नोकरीपायी नागपुरात असत. ती मात्र विमान चालवण्याचे शिक्षण पुरे करून परीक्षेच्या तयारीसाठी आजोबांकडे येऊन राहिली होती. वैमानिकाचा परवाना ही एकच एक वस्तू नसून त्यावर एकेक अधिकार क्रमाने चढवावा लागतो, हे अण्णांनी तिच्याकडून मोठ्या आदराने समजावून घेतले होते. रात्री उडण्याचा अधिकार वेगळा. ढगांत काही दिसेनासे झाले की केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा वेगळा. दोन इंजिनांच्या विमानाचा आणखी वेगळा. प्रथमा, मध्यमा, शास्त्री अशा पायऱ्या चढून आलेल्या अण्णांना ही रचना फारच शास्त्रशुद्ध वाटली. नातीच्या त्या साऱ्या पायऱ्या चढून झाल्या होत्या. राहिले होते ते विमानाच्या रेडिओवर बोलण्याचे प्रमाणपत्र. आणि त्याच्या तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती.

ज्ञानात उणे काहीच नव्हते. परंतु समोर माणूस बसला की अवनीचा आवाज घशातून खाली उतरून कोठेतरी पोटात जाऊन बसे. हे प्रमाणपत्र नाही तर परवाना नाही. आणि आधी उत्तीर्ण झालेल्या लेखी पेपरांची मुदत आता संपत आली होती. उद्या मुंबईत तिसरी परीक्षा होती. ती हुकली असती, तर सारे पेपर पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागले असते. त्यासाठी आज संध्याकाळच्या एस.टी.चे आरक्षण केलेले होते, आणि स्टँडपर्यंत शेजारचा दीपक आपल्या गाडीतून सोडणार होता.

"असं नाही चालायचं," अण्णा म्हणाले. "आमचे गुरुजी आम्हाला ओढ्याच्या पलीकडे उभं करून संहिता म्हणायला लावत. पाण्याच्या खळखळाटावरून शब्द अलीकडे पोचला पाहिजे. तू बागेच्या टोकाला जा, विहिरीपाशी. मी इथे बसतो. नाभीतून आवाज काढ. आणि तो जो तुमचा संकटमंत्र आहे ना, त्याच्या दुसऱ्या अक्षरावर जोर दे."

"मंत्र नाही हो आजोबा, मेडे."

"तीनदा म्हणतात ना? मग मंत्रच."

अवनी विहिरीपाशी गेली. समोर केवळ मोहरलेले हापूस होते, माणूस नव्हता. त्यामुळे आवाज बिनतक्रार वर आला. तिने छाती भरून श्वास घेतला, दुसऱ्या अक्षरावर सर्व बळ टाकले आणि हाक दिली. आता 'ड' हा अल्पप्राण आणि 'ढ' हा महाप्राण. दोहोंमध्ये अंतर काय ते एका श्वासाचे. अवनीने तो श्वास उदारपणे ओतला होता. उरलेले काम वाऱ्याने आणि कावळ्यांनी केले. दगडी गडग्यापलीकडे वाळत घातलेली उडदाची डाळ हलवीत बसलेल्या उल्काकाकूंच्या कानी जे पडले ते असे:

"मढे! मढे! मढे!"

त्यामागून बरेचसे इंग्रजी आले. त्यातला "फेल्युअर" एवढाच शब्द काकूंना ओळखीचा होता, कारण त्यांचे यजमान त्यानेच गेले होते.

उल्काकाकू या कोणाच्याही घरी काही झाले तर प्रथम पोहोचणाऱ्या होत्या, आणि त्या लौकिकाला त्या जपून असत. त्यांनी डाळ तशीच टाकली, साडी बदलली आणि गडग्याला वळसा घालून त्या अण्णांच्या घरापुढच्या खळ्यात आल्या. पडवीत अण्णा उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मोहोराच्या दिवसांत त्या दरवर्षीच लागत. परंतु दुःखाच्या प्रसंगी असे वैद्यकीय तपशील कोणास आठवतात? अण्णा जिवंत. हाक देणारी अवनी जिवंत. घरात तिसरे माणूस एकच, अण्णांच्या आत्या आनंदीबाई, वयाने नव्वदीच्या पुढच्या. काकूंचा हिशेब उंबऱ्याबाहेरच पुरा झाला.

"अण्णा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलं मी. गडग्यापलीकडून ऐकलं."

"तिथपर्यंत पोचलं?" अण्णांचा चेहरा उजळला. "छान झालं!"

काकूंना हा उद्गार चमत्कारिक वाटला. पण शोकाने माणूस काहीही बोलतो. "आता कधी न्यायचं?"

"संध्याकाळच्याच गाडीनं. मुंबईला."

"मुंबईला? अहो, आपल्याकडचं काही वाईट नाही हो. नवीन शेड बांधलीय, पाण्याची सोय आहे…"

"इथे नाही ना होत ते. तिथेच वरचे अधिकारी बसतात. समोर बसवून एकेकाला बोलतं करतात. सगळं तोंडी."

काकूंच्या अंगावर काटा आला. "आणि… नाही बोलता आलं तर?"

"तर काय, परत पाठवतात," अण्णा खिन्नपणे म्हणाले आणि त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. "दोनदा पाठवलंय. ही तिसरी खेप."

हे मात्र खरे होते. मागे एकदा पावसाळ्यात आणि एकदा दिवाळीत आनंदीआत्यांची आशा डॉक्टरांनी सोडली होती, आणि दोन्ही वेळा त्या उठून बसून चहा मागत्या झाल्या होत्या. त्यामागचे कारण असे प्रशासकीय असेल हे काकूंच्या स्वप्नातही आले नव्हते.

"या वेळी सुटेल हो बिचारी," त्या डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या.

"तुमच्या तोंडात साखर पडो," अण्णा म्हणाले.

काकू घरी परतल्या त्या थेट फोनपाशी. आळीतल्या सर्वांच्या मोबाइलवर निरोप गेला: आनंदीआत्या गेल्या, अण्णा भ्रमिष्टासारखं बोलतायत, मुंबईला न्यायचं म्हणतायत, ताबडतोब या. दीपकने तो वाचला आणि क्षणाचाही विलंब न लावता, कोणी न सांगता, आत्यांचा पुतण्या सलिल याला आणायला गाडी लांज्याकडे पिटाळली. मयताच्या घरातली मुलगी परीक्षेला थोडीच जाणार, असे तो धरून चालला. कोणी हार सांगितले, कोणी बांबू. दोन घरांत पिठलं-भाताची पातेली चढली. महेंद्र नावाचा चालक शहरातल्या एका सेवाभावी मंडळाचा वैकुंठरथ घेऊन आला आणि तो त्याने अदबीने फाटकाबाहेर लावला.

अवनी या साऱ्या वेळात विहिरीपाशीच होती. कानांत बोंडे घालून ती टॉवरांचे ध्वनिमुद्रित संवाद ऐकत होती. आनंदीबाई कानातले यंत्र उशाशी काढून माजघरात दुपारची झोप घेत होत्या. आणि अण्णा पडवीत उभे राहून आपले खळे माणसांनी भरताना पाहत होते. सारी आळी लोटली होती. कोणी बोलत नव्हते. येणारा प्रत्येक जण त्यांचा हात हातात घेई, किंचित दाबी आणि मान खाली घालून बाजूला उभा राही. एका मुलीच्या परीक्षेसाठी एवढा समाज यावा, याने अण्णांचे हृदय भरून आले. दोन शब्द बोलणे त्यांना कर्तव्य वाटले.

"आपण सगळे आलात," ते कापऱ्या स्वरात म्हणाले, "तिचं भाग्य थोर. फार सोसलंय तिनं. रात्रीचं झालं. उपकरणांचं झालं. दोन-दोन इंजिनांचं झालं."

"शेवटी बरीच यंत्रं लावली होती वाटतं," मागे कोणीतरी कुजबुजले.

"आता फक्त वरच्यांशी बोलणं राहिलं. तेवढं झालं की मग मोकळं आकाश!"

खळ्यात हुंदका फुटला. तो उल्काकाकूंचा होता, आणि तो इतका खणखणीत होता की माजघराच्या दाराशी हालचाल झाली. कानात यंत्र बसवीत, भिंतीला धरीत आनंदीबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी गर्दी पाहिली. हार पाहिले. बांबू पाहिले.

"कोण गेलं गो?" त्यांनी विचारले.

हार आणणाऱ्याने हार पाठीमागे लपवला.

"अगो उल्के, तुला विचारत्ये. कोण गेलं?"

"तु… तुम्हीच, आत्या," काकूंच्या तोंडून निघून गेले.

"मी?" आनंदीबाईंनी क्षणभर विचार केला. "मला कोणी सांगितलं नाही ते!"

त्यानंतर जो कल्लोळ झाला त्यात सर्वांची तोंडे हळूहळू उल्काकाकूंकडे वळली. बांबू आणणारे गृहस्थ म्हणाले, "काकू, अहो निदान आत जाऊन बघायचंत तरी." दुसरे म्हणाले, "पहिला नंबर लागला पाहिजे ना यांचा." काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. आयुष्यभराचा लौकिक खळ्यात उभ्या-उभ्या मातीस मिळत होता.

"मी कानानं ऐकलं!" त्या ओरडल्या. "ही अवनी विहिरीपाशी ओरडत होती, मढे, मढे, मढे म्हणून! तीनदा! विचारा तिला!"

गलबला ऐकून बागेतून आलेली अवनी नेमकी त्या वेळी पडवीच्या पायरीशी पोहोचली होती. साऱ्या खळ्याने तिच्याकडे पाहिले, आणि तिचा आवाज आपल्या नेहमीच्या जागी पोटात जाऊन बसला.

"काय ओरडत होतीस गो पोरी?" आनंदीबाईंनी विचारले.

"मेडे," अवनी म्हणाली. म्हणजे तसे तिच्या ओठांवरून वाटले.

"हे नव्हे!" काकू काकुळतीला आल्या. "हे तर मला इथेसुद्धा ऐकू येत नाही. अवनी, बाळा, मघासारखं म्हण गो. नाहीतर मला या आळीत तोंड दाखवायला जागा नाही उरायची."

अवनीने काकूंकडे पाहिले. लहानपणी ताप आला की रात्र रात्र उशाशी बसणाऱ्या त्या काकू, आज सगळ्यांच्या मध्ये हात जोडून उभ्या होत्या. तिने डोळे मिटले नाहीत, की झाडे आठवली नाहीत. तिने समोरच्या माणसांवर नजर रोखली, श्वास भरला आणि अथपासून इतिपर्यंत सारी हाक दिली: मेडे तीनदा, टॉवरचे नाव, आपल्या विमानाचे नाव, इंजिन बंद पडल्याचे, समुद्रावर उतरत असल्याचे, उंची, दिशा, दोन जीव. एक अक्षर गिळले गेले नाही. पायरीजवळचे लोक दोन पावले मागे सरले. फाटकाबाहेर महेंद्रने घाईघाईने स्ट्रेचर बाहेर काढले.

"मला ऐकू आलं," आनंदीबाई म्हणाल्या. कानातले यंत्र त्यांनी पुन्हा काढून हातात धरलेले होते.

"बघा! ढ आहे की नाही?" उल्काकाकू विजयाने म्हणाल्या. "अण्णा, तुम्ही संस्कृतवाले. तुम्ही सांगा. ढ आहे की नाही?"

भास्करअण्णांनी प्रामाणिकपणे विचार केला. "महाप्राणाची छटा आहे खरी," ते म्हणाले. "दोष माझा. जोर मीच द्यायला लावला होता." काकूंनी पदराने घाम टिपला आणि बांबूवाल्या गृहस्थांकडे एक जळजळीत दृष्टिक्षेप टाकला.

परंतु अण्णांच्या अंगातला शिक्षक आता पुरता जागा झाला होता. एवढा श्रोतृवर्ग पुन्हा कोठे मिळणार? "थांब, थांब, अवनी. हे झालं प्राणसंकटाचं. जीव धोक्यात नाही पण तातडी आहे, तेव्हा काय म्हणशील?"

"पॅन-पॅन! पॅन-पॅन! पॅन-पॅन!" अवनी कडाडली.

परसदारी पिठलं-भाताची पातेली घेऊन नुकत्याच पोहोचलेल्या दोघी शेजारणींना खळ्यातल्या घडामोडींचा पत्ता नव्हता. "ऐकलंस? पान, पान म्हणून ओरडतायत," त्यातली एक म्हणाली. "भुकेजलेत वाटतं. मांड बाई पानं." आणि केळीची पाने भराभर पडवीभर मांडली गेली. पाने मांडलेली दिसल्यावर उभे राहणे आळीच्या रीतीत बसणारे नव्हते. पहिल्या पानावर आनंदीबाई स्वतः बसल्या. "माझ्यासाठीच केलंत ना?" त्या म्हणाल्या. "मग वाढा. आणि कोणकोण आलं नाही ते मला जेवता जेवता सांगा."

पिठल्याची दुसरी फेरी चालली असता अवनीने घड्याळ पाहिले आणि तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"आजोबा, गाडी! दीपकदादा कुठाय?"

दीपकला फोन लागला. तो परतीच्या वाटेवर पालीच्या आसपास होता. "येतोय, येतोय! सलिल फार रडतोय हो, त्याला चहा पाजायला थांबलोय."

"खूप रडतोय?" आनंदीबाईंनी विचारले.

"खूप, म्हणे."

"रडू दे थोडा," त्या समाधानाने म्हणाल्या.

एस.टी. स्टँडवरून सुटायची वेळ झाली होती. आता ती वाटेत, हातखंब्याला महामार्गावर चढण्याआधी गाठली तरच गाठायची. आळीत मोटरसायकली होत्या, पण एकीचे चाक बसले होते, दुसरीवर बांबू बांधून आणलेले होते आणि ती गाठ कोणास सुटेना. फाटकाबाहेर निघण्याच्या तयारीत उभे असलेले चार चाकांचे वाहन एकच होते. सर्वांच्या नजरा तेथे गेल्या आणि सभ्यपणे परत फिरल्या.

"छे छे," अण्णा म्हणाले. "शुभकार्याला निघालेली मुलगी…"

"अरे भास्करा, गाडी कोणासाठी आलीय?" आनंदीबाईंनी हात धुता धुता विचारले.

"तुझ्यासाठी, आत्ये."

"मग माझी झाली. मी देत्ये तिला. मला आज नकोय."

अण्णा बॅग घेऊन रथापाशी धावले. "महेंद्र, मीही येतो सोबत. मागे बसायला जागा असेल ना?"

"मागे कोणी बसत नाही, अण्णा," महेंद्र नम्रपणे म्हणाला. "पुढे एकच सीट आहे. ताई, बसा."

"जरा लवकर न्या हो दादा," अवनी आत चढत म्हणाली.

महेंद्रने तिच्याकडे वळून पाहिले. त्याच्या डोळ्यांत विलक्षण भाव होता. "इतकी वर्षं गाडी चालवतोय," तो म्हणाला, "आजवर मला हे कोणी म्हटलं नव्हतं." आणि त्याने गाडी अशी सोडली की मागच्या झेंडूच्या माळा आडव्या झाल्या.

रस्ता जणू त्यांच्यासाठीच उघडत गेला. रिक्षा कडेला झाल्या. दुचाकीस्वारांनी टोप्या काढल्या. चौकातल्या पोलिसाने दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवून मान लववली. कुवारबावच्या पुढे लाल एस.टी.ची पाठ दिसली. महेंद्रने हॉर्न दिला. चालकाने आरशात पाहिले, वैकुंठरथाला वाट द्यावी म्हणून गाडी कडेला घेतली आणि आदराने उभी केली. प्रवाशांनी खिडक्यांतून हात जोडले. रथ एस.टी.च्या पुढे जाऊन थांबला. त्यातून पांढऱ्या कुडत्यातली एक तरुण मुलगी बॅग घेऊन उतरली, रथाच्या चालकाचे आभार मानून एस.टी.कडे चालत आली आणि पायऱ्या चढली.

जोडलेले हात तसेच राहिले. तिच्या शेजारची जागा ज्याची होती, त्या गृहस्थाने कंडक्टरला खुणेने सांगितले की आपण उभे राहू. गाडी सुटली. शेवटी कंडक्टर दोन आसने अंतर राखून उभा राहिला आणि चाचरत म्हणाला, "ताई… आपण करता काय?"

काल अवनीने या प्रश्नाला जे उत्तर दिले असते, ते तिच्या ओढणीलाही ऐकू गेले नसते. आज तिने मान वर केली, साऱ्या गाडीकडे पाहिले आणि एकेक शब्द सुटा, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असा उच्चारला.

"मी माणसांना वर घेऊन जाते."

कंडक्टर आणखी एक आसन मागे सरकला.

"म्हणजे, पक्का परवाना अजून हातात नाही," अवनी प्रामाणिकपणे म्हणाली. "त्यासाठीच मुंबईला चाललेय. उद्या मिळेल."

शेवटच्या बाकावरून एका म्हाताऱ्याचा क्षीण आवाज आला. "आणि मुली… परत खाली?"

"आणते की, आजोबा," अवनी हसून मोठ्याने म्हणाली. "शिकवलंय तेही. पण खरं सांगू? वर नेणं फार सोपं असतं."